दुकानदाराने मुलांच्या हातावर अक्रोड ठेवावेत काय?

ओमानच्या अंतर्भागात निझवा नावाचे जुने गाव आहे. सतराव्या शतकात इमाम सुलतान बिन सैफ याने बांधलेला तेथील गोल बुरुजाचा किल्ला प्रसिद्ध आहे. किल्ल्याजवळच्या बाजारात दर शुक्रवारी सकाळी बकऱ्यांचा लिलाव होतो. त्याची रीत साधी आहे. गिऱ्हाइके गोल करून बसतात, आणि विकणारे आपापली जनावरे दोरीला धरून त्या गोलातून फिरवीत भाव पुकारतात. ज्याला घ्यावयाचे असेल तो हात करून जनावर थांबवितो, त्याचे तोंड उघडून दात पाहतो, पाठीवरून हात फिरवितो. पटले तर बोली करतो, नाही पटले तर बकरी पुढे जाते आणि कोणाला काही वाईट वाटत नाही.

याच निझव्यात आज मॉल आहेत. नोकरीसाठी आलेल्या हिंदी कुटुंबांच्या मुलांसाठी भारतीय शाळाही आहे. या शाळेतल्या एखाद्या मुलाला टीव्हीला जोडून खेळावयाचे यंत्र, म्हणजे ज्याला कन्सोल म्हणतात ते, हवे असेल, तर त्याचे दात पाहता येत नाहीत. खोके बंद असते. आणि खरी गोष्ट अशी की मुलाने ते दुकानात जाण्यापूर्वी कितीतरी महिने आधीच मनाने विकत घेतलेले असते. हे मन कोणी तयार केले, आणि तसे ते तयार करण्याचा विकणाऱ्याला कितपत अधिकार आहे, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे. निझव्याच्या घरात तो जसा आहे तसाच अश्दोदच्या, दिमोनाच्या आणि ठाण्याच्या घरातही आहे.

प्रश्न नवा वाटतो, पण तो फार जुना आहे. मिश्नामध्ये बावा मेत्सिया या भागाच्या चौथ्या अध्यायाच्या शेवटी नेमका हाच वाद नोंदलेला आहे. दुकानदाराने मुलांना भाजलेले दाणे आणि अक्रोड वाटू नयेत, असे रब्बी यहूदा यांचे मत, कारण त्यामुळे मुलांना त्याच्याच दुकानी येण्याची सवय लागते. इतर ज्ञानी लोकांनी मात्र त्याला मुभा दिली. त्याच ठिकाणी दुसरा वाद आहे तो भाव पाडून विकण्याचा. रब्बी यहूदांना तेही मान्य नाही. ज्ञानी लोक म्हणतात की असा दुकानदार उलट दुवा घेण्याच्या लायकीचा आहे.

कोकणात ज्यांचे बालपण गेले त्यांना हा दुकानदार ओळखीचा वाटेल. आईबरोबर वाण्याकडे गेलेल्या पोराच्या हातावर तो गुळाचा खडा किंवा चार शेंगदाणे ठेवी. पुढच्या वेळी पोर त्याच्याच दुकानाकडे आईचा पदर ओढी. आपले पूर्वज शनिवार तेली म्हणून घाण्याचे तेल विकत, तेव्हा मापावर वर थोडी धार घालण्याची पद्धत त्यांच्याकडेही असणारच. यात पाप होते असे आपल्यापैकी कोणी म्हणणार नाही. मग ज्ञानी लोकांनी मुभा का दिली हे पाहिले पाहिजे. तालमूदमध्ये त्याचे कारण दिले आहे. शेजारच्या दुकानदाराने तक्रार केली तर पहिला त्याला सांगू शकतो की मी अक्रोड वाटतो, तू दुसरा काही खाऊ वाट. म्हणजे मुभा दिली ती शेजाऱ्याचे दार उघडे आहे, आणि पोराचे पायही मोकळे आहेत, या समजावर.

आता कन्सोलचा धंदा पाहा. सन २०२१ मध्ये अमेरिकेतील एका खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या एका बड्या अधिकाऱ्याने साक्ष दिली की एक्सबॉक्स यंत्राच्या विक्रीवर कंपनीला कधीच नफा झालेला नाही. सोनीनेही २००६ साली आपले तिसरे प्लेस्टेशन तोट्यातच विकावयास काढले होते. मग यांची चूल पेटते कशावर? त्या यंत्रावर चालणाऱ्या खेळांवर. दुसऱ्याने बनविलेला खेळ कंपनीच्या दुकानातून विकला गेला की साधारण तीस टक्के कंपनीच्या गल्ल्यात पडतात. यंत्र म्हणजे अक्रोड. फरक एवढाच की हे अक्रोड चांगले चारपाचशे डॉलरांचे असते आणि आपणच त्याचे पैसे मोजतो.

भाव पाडण्याचे म्हणाल तर मी ज्ञानी लोकांच्या बाजूचा आहे. मे १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सेगा कंपनीने आपले यंत्र ३९९ डॉलरला जाहीर केले. त्याच दिवशी सोनीचा माणूस व्यासपीठावर आला, २९९ एवढा एकच आकडा उच्चारला आणि खाली उतरला. गिऱ्हाइकाचे शंभर डॉलर वाचले. यात कोणी रडावे असे काही नाही, सेगाखेरीज. पण बाजार जिंकल्यावर हाच हात कसा वळतो तेही पाहावे. पूर्वी यंत्र जुने झाले की स्वस्त होई. पाचवे प्लेस्टेशन २०२० मध्ये आले तेव्हा त्याचा बिनतबकडीचा प्रकार अमेरिकेत ३९९ डॉलरला मिळे. ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीने त्याची किंमत ४९९ केली. पाच वर्षे जुन्या मालाचा भाव चढला, आणि गिऱ्हाईक जाणार कोठे? त्याचे खेळ, त्याचे मित्र, त्याची वर्षांची कमाई त्याच एका पेटीत अडकलेली.

ही कुलपाची कल्पना निन्टेन्डो कंपनीने पक्की केली. सन १९८३ मध्ये अमेरिकेत टीव्हीवरील खेळांचा धंदा असा बसला होता की दुकानदार त्यांचे नाव काढू देत नसत. निन्टेन्डोने १९८५ मध्ये आपले यंत्र नेले ते खेळण्याच्या वेषात, सोबत एक प्लॅस्टिकचा यंत्रमानव देऊन. दुकानदाराला वाटले, हे तर खेळणे आहे. त्या यंत्रमानवाला साजेसे खेळ निघाले फक्त दोन, आणि काम झाल्यावर तो बिचारा अडगळीत गेला. मिश्नाच्या त्याच परिच्छेदात विकावयाच्या जनावराला व भांड्याला रंगरंगोटी करून नवे भासवू नये असेही सांगितले आहे; निझव्याच्या गोलात तसली लबाडी दोन मिनिटे टिकणार नाही. पण खरी गोम यंत्राच्या पोटात होती. तेथे एक लहानशी चीप बसविली होती, आणि तिला जोड असलेली चीप ज्या खेळात नसेल तो खेळ चालतच नसे. खेळ बनविणाऱ्या इतर कंपन्यांना वर्षाला ठरावीक पाचच खेळ काढण्याची परवानगी मिळे. शेजारचा दुकानदार दुसरा खाऊ वाटू शकतो, हा जो ज्ञानी लोकांचा आधार, तोच येथे काढून घेतलेला दिसतो.

आपल्याकडे हिंदुस्थानात १९९० च्या दशकात याच्या अगदी उलट गंमत होती. जपानी यंत्राची नक्कल केलेला टीव्ही गेम घरोघर आला. त्याला ना चीप, ना परवाना. खेळाच्या तुकड्याला आपण कॅसेट म्हणत असू आणि तिच्यावर ९९९९ खेळ असे छापलेले असे; लावून पाहावे तर पाचदहा खेळच नावे आणि रंग बदलून पुन्हा पुन्हा येत. सरळ सरळ लबाडी! तरी ती लबाडी एका दुपारी उघडी पडे, आणि ती कॅसेट शेजारच्या पोराच्या कॅसेटशी अदलाबदल करण्यास कोणाची आडकाठी नव्हती. ती चोरीची नक्कल होती हे विसरून मी तिचे गोडवे गात नाही. फसवणूक आणि सवय या दोन वेगळ्या वस्तू आहेत एवढेच मला दाखवावयाचे आहे. फसवणूक कळली की माणूस सुटतो. सवय कळूनही सुटत नाही.

वर्षानुवर्षे चालणाऱ्या खेळमालिका या सवयीवरच उभ्या आहेत. पोकेमॉनचा खेळ जपानात फेब्रुवारी १९९६ मध्ये आला तो एकदम दोन आवृत्त्यांत, लाल आणि हिरवी. काही प्राणी फक्त लाल आवृत्तीत, काही फक्त हिरवीत. सगळे गोळा करावयाचे तर दुसऱ्या मुलाकडे दुसरी आवृत्ती असलीच पाहिजे. मुलांनी एकमेकांना भेटावे, देवाणघेवाण करावी, ही त्यातली कल्पना मला मनापासून आवडते. पण त्यामुळे प्रत्येक मूल कंपनीचा बिनपगारी विक्रेता झाले हेही तितकेच खरे. फुटबॉलचा फिफा हा खेळ १९९३ पासून दरवर्षी नव्या किंमतीने येत राहिला. करार मोडल्यामुळे २०२३ मध्ये त्याचे नाव बदलले, तरी दरवर्षी घेण्याची रीत बदलली नाही. ग्रँड थेफ्ट ऑटोचा पाचवा भाग २०१३ साली आला, तोच २०१४ मध्ये पुढच्या यंत्रासाठी विकला आणि २०२२ मध्ये त्याच्याही पुढच्या यंत्रासाठी. जुनाच माल नव्या खोक्यात, असे म्हणावे तर काही सुधारणा असतात. पण मुलाला त्या हव्या होत्या काय, हे कोणी विचारले नाही.

इथवर मी ज्ञानी लोकांबरोबर जाऊ शकतो. ज्याला हवे त्याने घ्यावे. माझे मन रब्बी यहूदांकडे वळते ते बंद पाकिटांपाशी. फुटबॉलच्या या खेळात २००९ पासून खेळाडूंच्या पत्त्यांची पाकिटे विकली जातात. आत कोण निघेल ते फोडल्यावाचून कळत नाही. बेल्जियमच्या जुगार नियंत्रण मंडळाने एप्रिल २०१८ मध्ये अशा पाकिटांना जुगार ठरविले आणि जानेवारी २०१९ मध्ये कंपनीला तेथील विक्री थांबवावी लागली. नेदरलँड्सने एक कोटी युरोचा दंड केला होता, तो मात्र तेथील वरिष्ठ न्यायासनाने २०२२ मध्ये रद्द केला. पाकिटे म्हणजे स्वतंत्र खेळ नसून कौशल्याच्या एका मोठ्या खेळाचा भाग आहेत, असे त्याचे म्हणणे. शहाण्या न्यायाधीशांतच मतभेद आहेत, तेव्हा माझा आग्रह नाही. परंतु इस्लामी धर्मशास्त्रात पाण्यातला मासा आणि आकाशातला पक्षी विकण्यास मनाई आहे, कारण काय मिळेल हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. आपल्या मिश्नामध्ये फासे खेळणाऱ्याची साक्ष ग्राह्य धरलेली नाही. शुक्रवारच्या बाजारात बकरीचे दात पाहणाऱ्या म्हाताऱ्याला हे पाकीट दाखवा, तो हसेल. दहा वर्षांच्या मुलाला दाखवा. तो बापाचे कार्ड मागेल. (ही पाकिटे विकणारी कंपनी सौदी अरेबियाचा सरकारी गुंतवणूक निधी आणि त्याचे भागीदार ५५ अब्ज डॉलरना घेत असल्याचे सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. तिकडच्या धर्मशास्त्र्यांना बरेच काम मिळेल असे दिसते.)

बापाच्या कार्डाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये फोर्टनाइटच्या मालक कंपनीकडून गिऱ्हाइकांना परत देण्यासाठी २४.५ कोटी डॉलर घेण्याचे ठरविले. आरोप असा की बटणांची मांडणीच अशी केली होती की नको असताना खरेदी व्हावी, आणि मुलांना आईबापांच्या संमतीवाचून खरेदी करता यावी. मूल भुलले नव्हते, त्याचे बोट भुलविले होते. यावर कोणता ज्ञानी मुभा देईल?

आता थोडे स्वतःकडे. या मालिकांचे मोठे गिऱ्हाईक लहान मुले नाहीत, त्यांचे बाप आहेत. तीस वर्षांपूर्वी ज्याने मारिओ खेळला तोच आज आपल्या मुलासाठी म्हणून मारिओ घेतो. कंपन्या आठवण विकतात, आणि परदेशी वस्ती केलेल्या आपल्या लोकांना आठवणीची किंमत समजावून सांगण्याची गरज नाही. रामले किंवा बेर शेवाच्या हिंदी दुकानात आपण सुके बोंबील आणि मसाला घेतो, तेव्हा काही पैसे बोंबलांचे असतात आणि काही नौगावच्या वाऱ्याचे. तो दुकानदार आपल्याला लुबाडतो काय? मला तसे वाटत नाही. बोंबील घरी आणला की तो आपला होतो. कोणत्या तेलात तळावा, शेजारणीला किती द्यावा, हे आपण ठरवितो.

खेळाचे तसे राहिलेले नाही. निन्टेन्डोने मार्च २०२३ मध्ये आपल्या दोन जुन्या यंत्रांचे दुकान बंद केले. तेथेच विकले जाणारे कित्येक खेळ आता कोणाला विकत घेता येत नाहीत. द क्रू हा मोटारींचा खेळ त्याच्या कंपनीने मार्च २०२४ मध्ये थांबविला, तेव्हा ज्यांनी रोख पैसे मोजून तबकडी घेतली होती त्यांच्या हाती निरुपयोगी तबकडी उरली. कॅलिफोर्निया राज्याने त्याच वर्षी कायदा केला की माल खरोखर गिऱ्हाइकाच्या मालकीचा होत नसेल तर दुकानदाराने तसे स्पष्ट सांगितल्यावाचून 'विकत घ्या' हे शब्द वापरू नयेत. कायद्याला शब्दाचा अर्थ सांगावा लागला, यावरून काय ते समजावे.

माझी गोष्ट विचाराल तर मुलाला कन्सोल देऊच नये या मताचा मी नाही. निझव्यात राहणारे पोर संध्याकाळी ठाण्यातल्या जुन्या मित्राबरोबर फुटबॉल खेळते, अश्दोदचा नातू मुंबईच्या आतेभावाला हरवितो, हा आनंद खरा आहे आणि तो विकणाऱ्याने दिला म्हणून खोटा ठरत नाही. पण हनुक्काचे साठविलेले पैसे घेऊन मूल दारात उभे राहील तेव्हा त्याच्याबरोबर बसून हिशेब करावा. यंत्राचे किती, खेळाचे किती, पुढच्या वर्षीच्या खेळाचे किती, आणि मित्राबरोबर खेळण्यासाठी जी वर्गणी भरावी लागते तिचे किती. मुलाचे खाते त्याच्या खऱ्या वयाने उघडावे. त्या खात्याला महिन्याच्या खर्चाची मर्यादा घालता येते, आणि ती शून्यही ठेवता येते.