अंदाज चुकवणारं अस्त्र

८ सप्टेंबर १९४४ रोजी लंडनवर जर्मनीचं पहिलं व्ही-२ क्षेपणास्त्र पडलं, तेव्हा ते अडवण्याचं कोणतंही साधन ब्रिटनकडे नव्हतं. आधी स्फोट व्हायचा, अस्त्र आल्याचा आवाज मागाहून यायचा. पण त्याच्यात एक उणीव होती, आणि पुढचं सगळं संरक्षणशास्त्र तिच्यावरच उभं राहिलं: इंजिन बंद पडलं की क्षेपणास्त्राची वाट ठरून जाते. उंच उडालेल्या चेंडूखाली क्षेत्ररक्षक आधीच जाऊन उभा राहतो ना, तसंच. रडारने थोडा वेळ मार्ग टिपला की गाठ कुठे पडणार ते गणिताने कळतं.

हे गणितच बिघडवायचं, म्हणजे वॉरहेडला, क्षेपणास्त्राच्या स्फोटक टोकाला, शेवटच्या टप्प्यात वळवायचं, ही कल्पना त्यातूनच आली. अमेरिकी नौदलाच्या ‘इव्हेडर’ वॉरहेडच्या सत्तरच्या दशकात चाचण्या झाल्या. त्याचं नाक मुद्दाम किंचित वाकडं ठेवलेलं असल्यामुळे दाट हवेत शिरताच ते बाजूला वळे. तरीही ते तैनात झालं नाही. १९७२मध्ये निक्सन आणि ब्रेझनेव्ह यांनी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणारा एबीएम करार केला होता. अडवणारंच फारसं कोणी उरलं नाही, तर चुकवायचं कोणाला? वळण फुकट मिळत नाही. वजन वाढतं, वेग घटतो, उष्णता आणि नेम दोन्ही सांभाळावे लागतात. गरज नसताना ही किंमत कोणी मोजत नाही. या साऱ्या इतिहासात मला हाच प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो.

वळणाऱ्या लक्ष्यापुढे संरक्षणाचं काय होतं, हे १९९१च्या आखाती युद्धात दिसलं, तेही अपघातानेच. इराकने पल्ला वाढवण्यासाठी स्कड क्षेपणास्त्रं लांबवून ‘अल-हुसेन’ बनवली होती. परतीच्या वाटेवर हवेत शिरताना ती मोडत आणि गिरक्या घेत खाली येत. त्यांना अडवणाऱ्या अमेरिकेच्या ‘पेट्रियट’ क्षेपणास्त्राचा नेम चुके, कधी ते तुकड्यांमागेच धावे. ४२पैकी ४१ पाडल्याचं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी युद्ध चालू असतानाच जाहीर केलं. पुढच्या वर्षी अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांना जेमतेम नऊ टक्के प्रसंगांतच भक्कम पुरावा सापडला. निकृष्ट जोडकामाने हे घडवलं, मग जाणूनबुजून वळणाऱ्या अस्त्रापुढे काय होईल?

वळायला हवेचा आधार लागतो आणि अवकाशात तो नसतो, म्हणून वॉरहेड हवेत शिरण्याआधीच गाठायचं, हा त्यावरचा उपाय. हवेच्या वरच्या थरांतून घसरत जाणाऱ्या ग्लायडरांनी तोही अवघड केला. २००२मध्ये अमेरिका एबीएम करारातून बाहेर पडली. १ मार्च २०१८ रोजी ‘अवानगार्ड’ ग्लायडर जगापुढे मांडताना पुतिन यांनी त्याच निर्णयाकडे बोट दाखवलं. त्या बोलण्यात प्रचार होताच, पण कार्यकारणभाव खोटा नव्हता.

आपल्याकडेही साखळी तीच आहे. नोव्हेंबर २००६मध्ये भारताने ओडिशाच्या किनाऱ्याजवळ लक्ष्य म्हणून सोडलेलं स्वतःचंच पृथ्वी क्षेपणास्त्र हवेतच पाडून दाखवलं. जानेवारी २०१७मध्ये पाकिस्तानने अनेक वॉरहेड वाहणाऱ्या ‘अबाबील’ची चाचणी केली, आणि प्रदेशातल्या वाढत्या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा हेच त्याचं कारण सांगितलं. चाचणीची पूर्वसूचना एकमेकांना देण्याचा २००५चा करार दोन्ही देशांत आहे. अडवणाऱ्या यंत्रणांना मर्यादा घालणारा एकही नाही. तशी बोलणी व्हायला हवीत. तोवर यशस्वी चाचणीची बातमी वाचताना, लक्ष्य सरळ येत होतं की वळत होतं, हे वाचकांनी जरूर विचारावं.