पाण्यावरची गाडी, पाण्याची गाडी

रात्र झाली आहे. भांडी घासून पालथी घातली आहेत. रस्त्यावरून एखादी रिक्षा जाते, मग काही नाही.

बसा. पाठ भिंतीला टेकू द्या.

एक श्वास घ्या. सोडा.

आज एकच चित्र पाहू.

समोर पाणी आहे. नजर जाईल तिथवर पाणी, आणि तेही उथळ. त्यात आभाळ उतरलं आहे. ढग वर आहेत तेवढेच खाली.

पाण्याच्या जरासे खाली दोन रूळ. त्या रुळांवरून, पाणी कापत, एक छोटी गाडी येते आहे.

घाई नको. तिला येऊ द्या.

हायाओ मियाझाकींच्या ‘स्पिरिटेड अवे’ या 2001 सालच्या चित्रपटातली ही गाडी. 2003 मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. लोक त्यातल्या चेटकिणीबद्दल बोलतात, सोन्याबद्दल बोलतात, डुकरं झालेल्या आईबापांबद्दल बोलतात. ते सगळं आहेच. पण मला विचाराल तर चित्रपट या डब्यात आहे.

दहा वर्षांची चिहिरो गाडीत चढते. लाल गादीच्या बाकावर बसते. हात मांडीवर. शेजारी मुखवटा घातलेली एक काळी आकृती, तीही शहाण्यासारखी बसलेली.

बाकीचे प्रवासी सावल्यांसारखे. आरपार दिसणारे. हातात बॅग, डोक्यावर टोपी. स्टेशन येतं, ते उतरतात, गाडी पुढे जाते. एका फलाटापाशी सावलीसारखीच एक मुलगी उभी आहे. ती कुणाची वाट पाहते आहे, हे चित्रपट सांगत नाही.

तुम्हीही विचारू नका. तिच्याकडे फक्त पाहा.

खिडकीबाहेरचा उजेड बदलतो. निळा होता, तो गुलाबी होतो. मग जांभळा. मग अंधार, आणि अंधारात पळणारे दिवे. चिहिरो बसून आहे.

काहीच घडत नाही.

श्वास घ्या. सोडा.

या ‘काहीच नाही’ला जपानी भाषेत एक शब्द आहे: ‘मा’. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांना मियाझाकींनी तो टाळ्या वाजवून समजावला होता. दोन टाळ्यांच्या मधला जो वेळ, तो ‘मा’.

एकदा टाळी वाजवा. हलकी. घरातलं कुणी उठायला नको.

आता थांबा.

दुसरी वाजवू नका. थांबलेलंच राहा.

चित्रपटात हे पाणी कुठून आलं? पाऊस पडला की समुद्र होणारच, असं चिहिरो काम करते त्या न्हाणीघरातली लिन अगदी सहज सांगून जाते. दुष्काळ पाहिलेल्या लातूरच्या माणसाला हे वाक्य पुन्हा एकदा ऐकावंसं वाटतं.

डोळे मिटा. आता दुसरी गाडी येऊ द्या.

ही मिरजेहून लातूरला निघाली आहे. 11 एप्रिल 2016. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, तेव्हाचं उस्मानाबाद. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर. 10 वाघिणी, एकेकीत सुमारे 50,000 लिटर पाणी. राजस्थानात कोट्याला वाफेनं धुऊन आणलेल्या वाघिणी. लातूरला पाणी देणाऱ्या मांजरा धरणाचा तळ उघडा पडला आहे. शहरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू झाली आहे.

12 तारखेच्या पहाटे गाडी लातूरला येते.

त्या गाडीचे रूळ पाण्यातून जातात. या गाडीत रुळांवरून पाणी जातं. दोघी एकाच अंधारात समोरासमोर उभ्या राहू द्या. एकीच्या खाली पाणी, दुसरीच्या पोटात.

काही जोडू नका. पाहा.

आता नजर खाली आणा. गल्लीत घागरींची रांग आहे. निळ्या, नारिंगी, एक तडकलेली, डांबरानं सांधलेली. माणसं सावलीला बसली आहेत, घागरी उन्हात. घागर रांगेत असली म्हणजे माणूस रांगेत आहे.

मधेच एक स्टीलची कळशी. तिच्या काठाशी नाव घातलेलं. ठिपक्या-ठिपक्यांचं, हातानं कोरलेलं. लग्नात आलेली असणार. घासून घासून अर्धी अक्षरं गेली आहेत.

त्या नावावरून बोट फिरवा. हळू. ठिपके बोटाला लागू द्या.

चिहिरोच्या नावातलीही अक्षरं चेटकीण काढून घेते. एकच उरतं: ‘सेन’. नाव विसरलं की घरी परतायचा रस्ता बंद. तिच्या सोबत्याचं, हाकूचंही तेच झालं आहे. तो एक नदी आहे. ती नदी बुजवून वर इमारती उभ्या राहिल्या, आणि त्याला आपलं नाव आठवेना. चिहिरो लहानपणी तिच्यात पडली होती. म्हणून तिलाच ते आठवतं. ती नाव घेते, आणि त्याच्या अंगावरचे खवले आभाळभर उडतात.

लातूरही कधी लत्तलूर होतं. राष्ट्रकूट राजे ते नाव बिरुदात मिरवत. अक्षरं झिजतात.

आता नद्यांची नावं घ्या. मोठ्यानं नको, ओठांतल्या ओठांत.

मांजरा.

तेरणा. तावरजा.

मन्याड. लेंडी. आसना.

गोदावरी.

प्रत्येक नावानंतर थोडं थांबा. टाळीनंतर थांबलात, तसं.

नांदेडचे असाल तर गोवर्धन घाटाची एखादी पायरी आठवा. जलपर्णी असेल, निर्माल्य असेल, प्लॅस्टिक असेल. असू दे. चित्रपटात घाणीनं लडबडलेला एक देव न्हायला येतो. चिहिरोच्या हाताला त्याच्या अंगात रुतलेलं काहीतरी लागतं. दोरी बांधून सगळे ओढतात, तर निघते सायकल. तिच्यामागून एवढा कचरा, की संपत नाही. शेवटी घाण गळून पडते आणि एक नदी हसत उडून जाते. मियाझाकी स्वतः नदी साफ करायला उतरले होते, तिथून हे आलं.

पण आपण गाडीत होतो. परत चला.

बाक. खिडकी. मांडीवर हात.

एक श्वास.

कुठेतरी तोटी सुटली आहे. घागरीत पहिली धार पडते. आवाज खोल, घुमणारा. रिकाम्या घागरीचा.

ऐका.

पाणी चढतं, तसा आवाज बारीक होत जातो. पाठमोरी बाई वळून पाहत नाही. घागर भरत आली, हे तिला कानानं कळतं.

डोळे मिटलेलेच असू द्या.

अजून भरते आहे.