नाव पुसण्यापूर्वी

एखाद्या माणसाचे नाव व पत्ता आपल्यापाशी आहे, एवढ्यावरून तो माणूस आपल्या ओळखीचा आहे असे म्हणता येईल काय? आणि ते नाव यादीतून काढण्याची पाळी आली, तर तो निर्णय कोणी व कशाच्या आधारे करावा? प्रश्न लहान दिसतात. पण ज्या मंडळीत सभासदांची यादी आहे, ज्या संडेस्कूलमध्ये मुलांचा हजेरीपट आहे, तेथे ते दरवर्षी उभे राहतात. आपण त्यांना प्रश्न म्हणत नाही, ‘यादी नीट करणे’ असे म्हणतो, आणि एखाद्या संध्याकाळी तासाभरात ते काम उरकून टाकतो.

घरगुती संगणकाच्या आरंभीच्या दिवसांकडे पाहिले तर ह्या प्रश्नावर चांगला प्रकाश पडतो. ब्रिटनमध्ये एप्रिल १९८२ मध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम बाजारात आला. पुढे त्याच दशकात पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने त्या धर्तीचा डीबी स्पेक्ट्रम आपल्या देशात विकला. हा संगणक घरातल्या टीव्हीला जोडावयाचा आणि साध्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून प्रोग्राम त्यात उतरवावयाचा. त्यात काही मिनिटे जात. ‘हे यंत्र घरात कशाला?’ असे वडील माणसांनी विचारले म्हणजे खेळांखेरीज जी थोडी उत्तरे देता येत, त्यांत पत्त्यांची वही हे एक होते. पडद्यावर चार-पाच पर्याय येत: नवी नोंद, शोध, दुरुस्ती, नोंद काढणे, कॅसेटवर साठवणे. नाव टाइप केले की क्षणात पत्ता समोर येई. ज्यांनी आयुष्यभर वहीची पाने उलटली त्यांना ह्याचे नवल वाटणे साहजिक होते.

परंतु यंत्राची जागा फार थोडी. ४८ किलोबाइट स्मरणशक्तीपैकी वापरणाऱ्याच्या वाट्याला सुमारे ४१ येत. म्हणून घरे आधी आखून द्यावी लागत. नावाला समजा ३० अक्षरे, पत्त्याला ६०, टेलिफोनला १०. म्हणजे एका माणसाला १०० अक्षरे. अशी तीनशे माणसे त्या यंत्रात मावत. स्पेक्ट्रमच्या बेसिक भाषेचा नियम असा होता की आखलेल्या घरापेक्षा नाव लांब असेल तर उजवीकडचा भाग आपोआप कापला जाई. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव व आडनाव असे आपल्या रीतीने लिहिले, आणि तेही रोमन लिपीत, तर तीस अक्षरे पुष्कळदा पुरत नसत. मग आडनावाचे शेपूट गळून पडे. यंत्र कुरकुर करीत नसे, सूचनाही देत नसे. कापलेले नावच पुढे खरे नाव म्हणून छापले जाई.

नोंद काढण्याचा प्रकार तर अधिक विचार करण्याजोगा होता. कागदाच्या वहीत आपण नावावर रेघ ओढतो. ती रेघ दिसत राहते. वही चाळताना मुलगा विचारतो, ‘हे कोण होते?’ आणि आई सांगते. यंत्रात मात्र खालची नावे एकेक घर वर सरकत आणि मधे कोणी होते ह्याची खूणही उरत नसे. आजच्या मोबाइलमध्ये जागेची अडचण राहिली नाही, हजारो नावे सुखाने राहतात, देवनागरीतही लिहिता येतात. पण पुसलेल्याची रेघ सहसा तेथेही दिसत नाही.

आता आपल्या हुबळी-धारवाडचा पत्ताच पाहा. धारवाडात एखादे कुटुंब तीन पिढ्या एकाच घरात राहिले असेल, तरी त्याचा पत्ता किती वेळा बदलला! १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत ते मुंबई राज्यात होते. त्या दिवसापासून ते म्हैसूर राज्यात गेले. १९६२ साली हुबळी व धारवाड मिळून एक महानगरपालिका झाली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला, आणि धारवाडच्या पत्त्याखाली ५८०००१ व हुबळीच्या खाली ५८००२० असे आकडे आले. ही योजना आखणारे टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, आणि संस्कृतचे कवी. पुढे १ नोव्हेंबर १९७३ रोजी म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले, आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी हुबळीचे अधिकृत नाव हुब्बळ्ळी झाले. घर तेच, उंबरठा तोच, माणसेही तीच. पत्ता मात्र पुनःपुन्हा जुना झाला. म्हणजे पत्ता ही एकदा लिहून कायमची निश्चिंती करण्याची गोष्ट नव्हे. ज्याने विचारपूस थांबवली त्याची यादी त्याच दिवसापासून खोटी होऊ लागते.

विचारपूस करून यादी खरी ठेवणारे लोक आपल्याच भागात होऊन गेले व आजही काही आहेत. उत्तर कर्नाटकात व दक्षिण महाराष्ट्रात हेळवी नावाचे लोक घराण्यांच्या वंशावळी सांभाळतात. पूर्वी हेळवी बैलावर बसून, घंटा वाजवीत दारी येई, पूर्वजांची नावे म्हणून दाखवी, नवे जन्म विचारून घेई आणि धान्य घेऊन पुढच्या दाराला जाई. ह्या रीतीत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक, त्याची नोंद दारावर जाऊनच होत असे. दुसरी, मेलेल्याचे नाव त्याच्या यादीतून जात नसे. उलट जिवंतांना ओळख मिळे ती त्या नावांमुळे.

आपल्या शास्त्रातही एक यादी आहे. ती आपण वाचताना बहुधा घाईने ओलांडतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौलाने वीसहून अधिक माणसांची नावे घेऊन सलाम सांगितला आहे. त्या यादीत रस्ता नाही, गाव नाही. बहुतेक नावांपुढे त्या माणसाविषयी एखादा शब्द आहे. कोणी श्रम केले, कोणी त्याच्याबरोबर तुरुंगात होते, प्रिस्का व अक्विला ह्यांनी त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला. रूफाच्या आईचे तर नावही दिलेले नाही. तिने पौलालाही आईची माया दिली एवढेच कळते. शंभर अक्षरांच्या घरांत ती बाई मावली नसती, कारण नावाच्या घरात लिहायला काही नव्हते. तरी तिची आठवण आजवर राहिली.

येथे मंडळीचे सेक्रेटरी म्हणतील, ‘हे सारे ठीक, पण आम्हाला काम करावयाचे आहे. मासिकाचे अंक परत येतात, टपालखर्च वाया जातो. कमिटीच्या निवडणुकीला मतदारयादी बिनचूक लागते. गेलेल्यांची, गाव सोडलेल्यांची नावे किती दिवस ठेवावी?’ हे म्हणणे रास्त आहे आणि ते बाजूला सारणे बरोबर नाही. चुकीची यादीही अन्यायच करते. मृताच्या नावे पत्र गेले तर विधवेच्या जखमेवरची खपली निघते. ‘यंत्रामुळे माणुसकी गेली’ हा आरोपही आपण करू नये. कागदाच्या वह्याही वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिल्याच होत्या. उलट यंत्र एका क्षणात दाखवून देते की एका पेठेत आपली किती घरे आहेत. भेटी देऊ पाहणाऱ्याला ही मोठीच मदत आहे.

प्रश्न आहे तो नाव कोणत्या कारणाने पुसले जाते ह्याचा. तीन वर्षे वर्गणी आली नाही, उपासनेला दिसत नाहीत, फोन लागत नाही, अंक परत आला. ही सारी कारणे यादी पाहणाऱ्याच्या खुर्चीवरून दिसणारी आहेत. वर्गणी थकते ती कधी नोकरी गेल्यामुळे, कधी अंथरूण धरल्यामुळे, कधी मुलाने घरातून काढल्यामुळे. म्हणजे ज्या घराला मंडळीने सर्वांत आधी जावे, तेच घर यादीतून सर्वांत आधी गळते. कापलेल्या आडनावासारखे ते नाव आवाज न करता जाते, आणि राहिलेली यादी पूर्ण वाटते.

म्हणून एक साधा नियम सुचवावासा वाटतो: दारापर्यंत गेल्यावाचून कोणाचेही नाव पुसू नये. माणूस दूरगावी गेला असेल तर शेजाऱ्याला विचारावे, पत्र लिहावे, तेथील मंडळीला कळवावे. खात्री झाल्यावर टपालाच्या यादीतून नाव जरूर काढावे; परंतु जुन्या नोंदवहीत ते तारखेसह राहू द्यावे. कामाची यादी व आपलेपणाची नोंद ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली छाटावी लागते, दुसरीत भरच पडत जावी.

ह्याच्या जोडीला आणखी एक जबाबदारी येते. पत्ता देणारा आपल्यावर विश्वास ठेवून तो देतो. त्याला न विचारता ती यादी विक्रेत्याला किंवा उमेदवाराला देणे हा त्या विश्वासाचा घात आहे. भारतात २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी कायदा झाला. परंतु कायदा नसतानाही दुसऱ्याची ठेव ही ठेवच होती.

संडेस्कूलच्या शिक्षकांनी हजेरीपट हाती घेताना हे विशेष ध्यानात धरावे. सलग चार रविवार एखाद्या मुलापुढे गैरहजेरीची खूण पडली, तर पाचव्या रविवारी त्याच्या नावावर रेघ ओढणे सोपे आहे. त्याआधी शनिवारी संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन यावे. मूल तापाने निजलेले असेल, किंवा त्याला वर्गात कोणी चिडवले असेल, किंवा नवे बूट नसल्याने ते लाजत असेल. हे हजेरीपटाच्या कोणत्याच रकान्यात लिहिलेले नसते. पत्ता आपल्याला दिलेला असतो तो जाण्यासाठी. आपण गेलो नाही, तर तो तेवढा काळ आपल्यावरचे ऋण म्हणून राहतो.