वेढलेले शहर आणि अर्जुनाचा विषाद

यादवी युद्धात एखाद्या शहरावर ताबा कोणाचा, हा प्रश्न वरवर सेनापतींचा वाटत असला, तरी ज्या लढाईत वेढा घालणारे आणि वेढ्यात सापडलेले हे दोघेही एकाच देशाचे रहिवासी असतात, तिच्यात तो प्रश्न धर्मविचाराच्या कक्षेत येतो. कारण परचक्र आले असता आपले कोण आणि परके कोण हे आधीच ठरलेले असते, तर यादवीत नेमके तेच ठरवण्यासाठी शस्त्र उचललेले असते. अहिंसेच्या तत्त्वज्ञानाची खरी कसोटी म्हणूनच परकीय आक्रमणापेक्षा यादवीत अधिक कठोर होते. या कसोटीची चर्चा विसाव्या शतकात ज्या थोड्या ठिकाणी मनापासून झाली, त्यांत वर्धा आणि त्याच्या शेजारचे गांधीजींचे सेवाग्राम यांचे स्थान वरचे आहे.

प्रश्न किती तीव्र आहे हे समजण्यासाठी सुदानमधील एल फाशर या शहराचे उदाहरण पुरेसे आहे. सहाराच्या दक्षिण काठावरील, उत्तर दारफुरची राजधानी असलेल्या या शहरासाठी सुदानचे सैन्य आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल यांच्यात झगडा चालला. या दोन्ही दलांच्या प्रमुखांनी पूर्वी एकत्र सत्ता भोगली होती आणि १५ एप्रिल २०२३ रोजी ते एकमेकांवर उलटले. २०२४ च्या उन्हाळ्यात या निमलष्करी दलाचा शहराला वेढा पडला. तो उठवावा असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने जून २०२४ मध्ये केला, परंतु वेढा उठला नाही. उलट २०२५ मध्ये शहराभोवती मातीचा उंच बांध घालण्यात आला, जेणेकरून धान्य आत जाऊ नये आणि माणूस बाहेर पडू नये. आतले लोक भुईमुगाचे तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीवर जगू लागले. विदर्भातला शेतकरी जी ढेप गोठ्यात गुरांपुढे ठेवतो, तशाच जातीचे हे खाद्य. तेथे ते माणसांच्या ताटात आले आणि पुढे तेही मिळेनासे झाले. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी शहर पडले. त्यानंतर पळून जाणाऱ्यांना वाटेत अडवून त्यांची जमात विचारली गेली आणि उत्तरावरून त्यांचे जगणे-मरणे ठरले, असे वाचलेल्यांनी सांगितले.

अशा शहराच्या वेशीवर अहिंसक माणसाने काय करावे, हा प्रश्न जून १९४० मध्ये वर्ध्यात जवळजवळ याच स्वरूपात उपस्थित झाला. १४ जूनला जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या होत्या. फ्रेंच सरकारने पॅरिस आधीच ‘खुले शहर’ म्हणून घोषित केले होते; खुले शहर म्हणजे जे लढवले जाणार नाही असे जाहीर करून विध्वंसापासून वाचवले जाते ते शहर. पुढच्याच आठवड्यात, १७ ते २१ जून या काळात, काँग्रेस कार्यसमितीची बैठक वर्ध्यात भरली. मौलाना आझाद अध्यक्ष होते. गांधीजींचे म्हणणे असे की, स्वराज्याच्या लढ्यात स्वीकारलेली अहिंसा परकीय आक्रमण आणि अंतर्गत बेबंदशाही या दोन्ही प्रसंगी तशीच लागू पडली पाहिजे आणि काँग्रेसने तसे आताच जाहीर करावे. कार्यसमितीला इतके दूर जाता आले नाही. सत्याग्रहाच्या मार्गावरील निष्ठा कायम ठेवूनही, देशाचे संरक्षण आणि अंतर्गत सुव्यवस्था या बाबतींत आपण गांधीजींबरोबर पूर्ण चालू शकत नाही असे तिने स्पष्ट केले आणि त्या जबाबदारीतून त्यांना मोकळे केले. पुढे जुलैत खान अब्दुल गफारखान यांनी याच कारणासाठी कार्यसमिती सोडली. ज्याच्या पठाण समाजात सूड हे कर्तव्य मानले जाई, तोच माणूस अहिंसेच्या बाजूला शेवटपर्यंत उभा राहिला, ही गोष्ट या वादाच्या इतिहासात पुरेशी ठळक केली जात नाही.

हा मतभेद भ्याडपणा आणि धैर्य यांच्यातला नव्हता, तर राज्य म्हणजे काय याविषयीचा होता. राज्य चालवू पाहणाऱ्या संस्थेने आपल्या रहिवाशांचे प्राण स्वतःच्या व्रतासाठी पणाला लावावेत काय? व्यक्तीला स्वतःपुरते मरण पत्करण्याचा अधिकार आहे. इतरांच्या वतीने ते पत्करण्याचा अधिकार कोणालाही असू शकत नाही. या एका कारणासाठी कार्यसमितीचा निर्णय योग्य होता असे म्हणावे लागते.

परंतु गांधीजींचा विचार त्याहून खोल होता आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. त्याच जुलैत आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात त्यांनी अहिंसेच्या प्रयोगाची क्षेत्रे सांगितली: प्रस्थापित सत्तेविरुद्धचा लढा हे पहिले, अंतर्गत दंगली हे दुसरे, परचक्र हे तिसरे, आणि कुटुंब, या शब्दाच्या व्यापक अर्थाने, हे चौथे आणि सर्वांत श्रेष्ठ. या विचारामागे असे गृहीत आहे की कोणतीही सत्ता शासितांच्या सहकार्यावर उभी असते. जेत्याने शहर घेतले तरी लोकांनी त्याचा शब्द मानला नाही, कर दिला नाही, काम केले नाही, तर त्याच्या हाती केवळ भिंती उरतात. परदेशी राज्यकर्त्याविरुद्ध हे सूत्र चालते, कारण त्याला प्रजा हवी असते. एल फाशरमध्ये ते अडते, कारण तिथल्या जेत्याला विशिष्ट जमातींची आज्ञाधारकता नको होती, त्या जमातीच नको होत्या. ज्याला रिकामे शहर चालते, त्याच्याशी असहकार कसा करायचा? अहिंसेच्या प्रत्येक गंभीर अभ्यासकाने या प्रश्नाला तोंड दिले पाहिजे आणि त्याचे तयार उत्तर सेवाग्रामच्या लिखाणातही सापडत नाही.

मात्र गांधीजींनी स्वतः एक फट मोकळी ठेवली होती. पोलंडने आपल्याहून कितीतरी बलाढ्य जर्मन सैन्याला सशस्त्र तोंड दिले, तेव्हा त्या प्रतिकाराला त्यांनी जवळजवळ अहिंसक म्हटले. जिंकण्याची शक्यताच नसताना, शरण न जाण्यासाठी उचललेले शस्त्र आणि दुसऱ्याला दडपण्यासाठी उचललेले शस्त्र यांत ते फरक करीत. ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगर वाचवण्यासाठी भारतीय सैन्याची तुकडी विमानाने गेली, तेव्हा प्रार्थनासभेत त्यांनी थर्मोपिलीच्या स्पार्टन योद्ध्यांचा दाखला दिला आणि त्या शूरांप्रमाणे ही तुकडी धारातीर्थी पडली तरी आपण अश्रू ढाळणार नाही असे सांगितले. अहिंसेला त्यांनी सोडचिठ्ठी दिली असा याचा अर्थ नाही. वेशीवर उभे राहण्याचे धैर्य हा दोन्ही मार्गांचा सामाईक पाया आहे आणि तो नसेल तर अहिंसेचे नाव घेण्यात अर्थ नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

हा सगळा वाद मराठी वाचकाला अपरिचित नाही, कारण भारतीय परंपरेतील सर्वांत मोठे यादवी युद्ध, म्हणजे हस्तिनापूरच्या राज्यासाठी झालेले कौरव-पांडवांचे युद्ध, हाच गीतेचा प्रसंग आहे. अर्जुन पहिल्या अध्यायात समोरच्यांना आततायी म्हणतो आणि तरीही त्यांना मारल्याने पापच लागेल असे म्हणतो. आततायी ही स्मृतींतील संज्ञा आहे: आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन अंगावर येणारा, धन, भूमी किंवा स्त्री हरण करणारा तो आततायी, आणि त्याचा वध दोषास्पद नाही असा स्मृतींचा निर्णय. टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त अहिंसेच्या अपवादांची चर्चा करताना याच निर्णयाचा आधार घेतला. विनोबांनी वेगळी वाट धरली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या आणि साने गुरुजींनी लिहून घेतलेल्या प्रवचनांत ते सांगतात की, अर्जुनाच्या विषादाचे मूळ अहिंसेत नाही, स्वजनांविषयीच्या आसक्तीत आहे. त्याने पूर्वी पुष्कळ लढाया मारल्या होत्या आणि तेव्हा त्याचे धनुष्य गळले नव्हते. अनेकांना फाशी सुनावलेल्या न्यायाधीशासमोर जेव्हा स्वतःचा मुलगाच आरोपी म्हणून उभा राहतो, तेव्हा त्याला एकाएकी फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागते, असा त्यांचा दृष्टांत आहे.

दृष्टांत मार्मिक आहे, पण तो जेथे थांबतो तेथे थांबता येत नाही. त्या न्यायाधीशाचा हेतू अशुद्ध असेल, म्हणून त्याला दिसलेली गोष्ट खोटी ठरते काय? फाशी अमानुष आहे किंवा नाही हा प्रश्न त्याला मुलाच्या मोहामुळे पडला, हे खरे. तथापि मोहाने उघडलेल्या डोळ्यांनाही खरे दिसू शकते. न्यायाधीशाचा खरा दोष आज मुलगा दिसतो हा नसून, आजवर समोर आलेल्यांत कोणाचा तरी मुलगा दिसला नाही हा आहे. अर्जुनाचेही तसेच. स्वजन पाहून त्याचे हात थरथरले यात चूक नव्हती. आधीच्या लढायांत ते थरथरले नाहीत, यात होती. यादवीकडे या दृष्टीने पाहिले तर एल फाशरच्या वाटेवर जमात विचारून गोळी झाडणाऱ्याजवळ अर्जुनाएवढीही आसक्ती उरलेली नव्हती. कालपर्यंतचा शेजारी त्याने स्वजनांच्या यादीतून आधी पुसला आणि मगच बंदूक उचलली. गांधीजींनी कुटुंबाला अहिंसेचे सर्वश्रेष्ठ क्षेत्र का मानले, याचा उलगडा येथे होतो. वेशीवरच्या दिवशी अहिंसा हरते ती बहुधा या पुसण्याच्या दिवशीच हरलेली असते आणि वेशीवर तिच्या जागी शस्त्र घेणारा त्या वेळी बरोबर असला, तरी त्याने ती हार भरून काढलेली नसते.

वर्धा जिल्ह्याने हे आपल्या भूमीवर पाहिले आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, आष्टी या गावी ‘भारत छोडो’ आंदोलनाचा मोर्चा पोलीस ठाण्यावर गेला. गोळीबारात आंदोलक मारले गेले आणि संतापलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. मरणारे आणि मारणारे एकाच मातीतले होते. फरक एवढाच की एकांच्या अंगावर सरकारी गणवेश होता. आज शहीद आष्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावाच्या हुतात्म्यांविषयीचा आदर तिळमात्र कमी न करता असे म्हणता येते की, ठाण्यात मेलेल्या शिपायाचाही उल्लेख त्या दिवसाच्या कथेत माणूस म्हणून झाला पाहिजे. तो वगळला की अर्जुनाचा प्रश्नच वगळला जातो.

त्याच दिवशी शेजारच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथेही उठाव झाला आणि गाव पुन्हा ताब्यात घेतल्यावर तेथे पाठवलेल्या फौजेने स्त्रियांवर अत्याचार केल्याचे आरोप पुढे आले. बातम्यांवर बंदी होती. सेवाग्राम आश्रमातील प्राध्यापक भणसाळी यांनी चौकशीच्या मागणीसाठी उपोषण मांडले. ते चिमूरकडे पायी निघत, सरकार त्यांना परत आणून सेवाग्रामला सोडी आणि ते पुन्हा निघत. ६३ दिवसांनी, जानेवारी १९४३ मध्ये, हे उपोषण सुटले. त्याने चिमूरचे झालेले नुकसान भरून निघाले नाही आणि मागितलेली चौकशीही झाली नाही. परंतु जे गाव सरकारने बातम्यांच्या बाहेर ठेवले होते, ते त्या उपोषणामुळे देशभर माहीत झाले आणि चिमूरविषयीच्या बातम्यांवरील निर्बंध सरकारला सैल करावे लागले. चिमूर हे भणसाळींचे गाव नव्हते, तिथल्या कोणाशी त्यांचे रक्ताचे नाते नव्हते. तरीही तिथल्या स्त्रियांना त्यांनी स्वजन मानले आणि त्याची किंमत स्वतःच्या शरीराने मोजली. एल फाशरभोवतीचा बांध उपग्रहांच्या छायाचित्रांत महिनोन्‌महिने वाढताना जगाला दिसत होता. त्या बांधाकडे असे पायी निघणारे मात्र कोणी पुढे आल्याचे ऐकिवात नाही.