हितासाठी अर्धे सत्य

'आरोग्य-संवाद' ह्या विषयात एम. ए. करण्याचा विचार माझ्या भाचीने बोलून दाखविला, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांचा प्रश्न ठरलेलाच होता : पुढे नोकरी कोठे? नोकऱ्या आहेत. सरकारी आरोग्य खाती, युनिसेफसारख्या संस्था, रुग्णालये, औषधकंपन्या ह्या सर्वांना वैद्यकशास्त्र साध्या भाषेत सांगणारी माणसे लागतात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तर १९८८ पासून ह्या कामाचे स्वतंत्र केंद्र आहे.

मला मात्र दुसराच प्रश्न छळतो. लोकांच्या हितासाठी त्यांना घाबरविणे, अर्धेच सत्य सांगणे, हे नीतीला धरून आहे काय?

२०१४ साली गिनी, लायबेरिया व सिएरा लिओन ह्या पश्चिम आफ्रिकी देशांत इबोलाची साथ पसरली. प्रारंभी लोकांना बजावण्यात आले की, हा रोग प्राण घेतो, ह्यावर औषध नाही. ते खोटे नव्हते. हेतूही चांगलाच होता. परंतु ऐकणाऱ्याने सरळ हिशेब केला : औषधच नाही, तर परक्यांच्या हाती मरायला का जावे? कित्येक रोगी घरीच राहिले आणि त्यांची शुश्रूषा करणारी माणसेही त्याच रोगाने गेली. वस्तुतः वेळीच दाखल होऊन शरीरातील पाणी टिकविले, तर वाचण्याची आशा वाढत होती. हे उरलेले अर्धे सत्य भयाखाली दडपले गेले.

अंत्यविधीचेही तेच. मृताला स्नान घालण्याने, स्पर्शाने रोग पसरे, म्हणून पथके येऊन मृतदेह उचलून नेत. मन्रोव्हियात दहनाची सक्ती झाली. आपल्या माणसाची कबरही राहणार नाही, ह्या धास्तीने लोक मृतदेह लपवू लागले. (आपण तरी निराळे काय केले असते?) अखेर नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कारितास व इतर धर्मांच्या संस्थांशी विचारविनिमय करून नवे नियम काढले : कुटुंबाच्या संमतीविना दफन सुरू करू नये, प्रार्थनेला अवसर द्यावा. तेवढ्यानेच साथ हटली असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. अकरा हजारांहून अधिक माणसे दगावली. तथापि विचारले गेल्यावर माणसे ऐकू लागली, हे नाकारता येत नाही.

हे सारे मी भाचीला सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मामा, आजीला कर्करोग झाला तेव्हा आपण तिला तीन महिने अल्सर आहे म्हणून सांगत होतो. तेही हितासाठीच ना?"

मला उत्तर सुचले नाही. शेवटच्या दिवसांत आईने काही विचारायचेच सोडून दिले होते, एवढे मात्र आठवले.