अनुरूप म्हणजे कोण?

वधूवर सूचीतल्या ‘अपेक्षा’च्या रकान्यात हमखास एकच शब्द असतो: अनुरूप. व्यवहारात त्याचा अर्थ इतकाच उरला आहे, की मुलाची पदवी मुलीइतकी तरी हवी आणि पगार तिच्याहून जास्तच हवा. परवा एका परिचितांकडे एम.एस्सी. झालेल्या मुलीसाठी स्थळ आलं होतं. मुलगा आयटीआय झालेला, स्वतःचं वर्कशॉप चालवणारा. “शिक्षणात बसत नाही,” म्हणत आईनं फोटोही न पाहता बायोडाटा बाजूला ठेवला. मुलीला कुणी विचारलंच नाही. एका चांगल्या शब्दाची ही नासाडी आहे.

आपल्या सुधारकांचे संसार शिक्षणातल्या प्रचंड अंतरानंच सुरू झाले. जोतीराव-सावित्रीबाई, माधवराव-रमाबाई रानडे ही उदाहरणं शाळेपासून पाठ आहेत. नवऱ्यांनी बायकांना शिकवून बरोबरीला आणलं, असा त्यांचा अर्थ आपण लावतो. तो अपुरा आहे. रानड्यांच्या घरात अंतर कमी झालं, पण पायऱ्यांचा क्रम बदलला नाही. नवरा वरच्याच पायरीवर राहिला.

क्रम खरा उलटला तो आनंदीबाई जोश्यांच्या संसारात. गोपाळराव पोस्टात कारकून. 1883च्या एप्रिलमध्ये जेमतेम अठरा वर्षांच्या आनंदीबाई नवऱ्याला मागे ठेवून कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि मार्च 1886मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. या जोडप्याकडे आपण गुरू-शिष्या म्हणून पाहतो, नाहीतर जुलमी नवरा आणि सोशिक बायको म्हणून. जुलूम खराच होता. लहानपणी खाल्लेल्या माराची आठवण आनंदीबाईंनीच अमेरिकेतून नवऱ्याला लिहिली आहे. पण कारकून नवरा आणि डॉक्टर बायको हा संसार पुढे कसा चालला असता, हा प्रश्न आपण विचारतच नाही. फेब्रुवारी 1887मध्ये आनंदीबाई गेल्या आणि तो अनुत्तरित राहिला. वरच्या पायरीवरून हात देणं त्या काळानं पुरुषाला शिकवलं. खालच्या पायरीवर ताठ मानेनं उभं राहणं मात्र कुणीच शिकवलं नाही.

तो राहून गेलेला धडा आज आपल्याला भोवतो आहे. 2022च्या डिसेंबरमध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी मुली मिळत नाहीत म्हणून मुंडावळ्या बांधून कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला. गर्भातच मुली मारल्याचं पाप त्यामागे आहेच. पण अशा वेळी बोल लावला जातो तो मुलींच्या ‘वाढलेल्या अपेक्षां’ना. नवरा वरचढ हवा, ही अपेक्षा मुलींची नव्हे. ती त्यांच्या आजोबा-पणजोबांची आहे. मुली शिकून पुढे गेल्या, नियम होता तिथंच राहिला.

म्हणून मुलीच्या आईवडिलांना एक विनंती आहे. पगाराचा आकडा विचारण्याआधी मुलाला विचारा: उद्या हिला बढती मिळाली, बदली झाली, तर तू पेढे वाटशील का? आणि त्या दिवशी घरातला स्वयंपाक कोण करील? या दोन्ही प्रश्नांना सरळ उत्तर देणारा आयटीआयवाला त्या एम.एस्सी. मुलीला अनुरूप आहे.