निळा रिगी

एडमंड बर्कने १७५७ साली उदात्ताची मीमांसा केली, तेव्हा तिच्या मुळाशी भय ठेवलं. कडा, दरी, वादळ, अफाटपणा. पाहणारा हादरला पाहिजे, मात्र जिवाला धोका नको. पुढे कितीतरी चित्रकार आल्प्समध्ये हेच हुडकत हिंडले. १८०२ मध्ये टर्नर पहिल्यांदा स्वित्झर्लंडला गेला, तेव्हा त्यालाही सेंट गॉटहार्डच्या वाटेवरच्या घळींनी झपाटलं होतं.

चाळीस वर्षांनंतरचा, सदुसष्टीचा टर्नर ल्युसर्नच्या सरोवराकाठून रिगी रंगवतो. रिगी काही धडकी भरवणारा डोंगर नव्हे. उंची १७९८ मीटर, आणि माथ्यावर १८१६ पासून राहण्याजेवणाची सोय! हौशी प्रवासी सूर्योदय बघायला वर जात. टर्नरने त्याला खालून पाहिलं, आणि माझ्या मते बर्कची मांडणी तिथेच लंगडी पडली.

१८४२ चा जलरंगातला ‘निळा रिगी’ जेमतेम तीस बाय पंचेचाळीस सेंटिमीटरचा आहे. पहाट आहे. निळ्याच्या पातळ थरांवर थर, त्यांवर जवळजवळ कोरड्या कुंचल्याच्या बारीक रेघा. डोंगर आहे म्हणावा तर नुसती दाट झालेली हवा. खाली कुत्री पाण्यात झेपावतात, बदकं फडफडत उडतात. चित्रात भय आहे ते बदकांपुरतं. तरीही पाहणारा गप्प होतो. तैलरंगात उजेड शेवटी वरून चढवता येतो. पारदर्शक जलरंगात तो कोऱ्या कागदातच असतो, आणि तो बुजू न देण्यातच सगळी कसोटी. बुजलाच तर टर्नर खरवडून काढी. त्यासाठी अंगठ्याचं नख वाढवलं होतं म्हणतात. इतक्या मोठ्या डोंगरासमोर चित्रकाराने हात आवरायचा, हा संयम मला कुठल्याही कोसळत्या कड्याहून जबर वाटतो.

जुन्या गिऱ्हाइकांना मात्र ही नवी तऱ्हा रुचेना. ऐंशी गिनींना एक याप्रमाणे टर्नरची अशी स्विस चित्रं खपवताना विक्रेता ग्रिफिथच्या नाकी नऊ आले. ‘निळा रिगी’ घेतला एल्हानन बिकनेलने, देवमाशाच्या तेलावर गब्बर झालेल्या व्यापाऱ्याने. २००७ मध्ये टेट संग्रहालयाला तोच कागद साडेएकोणपन्नास लाख पौंडांना पडला. निधीसाठी लोकांना पाच पौंडांत कुंचल्याचा एकेक फटकारा ‘विकला’ गेला. धुक्याच्या भागातला फटकारा ज्यांच्या वाट्याला आला, त्यांना तो चित्रात दाखवता येईल का, कोण जाणे.